नावाजलेले, पण न भावलेले

रॉक संगीत मनापासून ऐकणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला एखादा तरी असा बँड येतो, की ज्याचे मोठेपण त्यांना मान्य असते, ज्याचे अल्बम त्यांनी पुन्हापुन्हा लक्ष देऊन ऐकलेले असतात, ज्याच्याविषयी चार चांगले शब्द बोलताना मनाला टोचणी लागत नाही, आणि एवढे सगळे असूनही जो त्यांना आवडत नाही. माझ्या बाबतीत असे दोन बँड आहेत : पिंक फ्लॉइड आणि रेडिओहेड. दोन्ही इंग्लंडमधले, दोन्ही आपापल्या काळातले अत्यंत नावाजलेले, आणि दोन्हींवर जीव ओवाळून टाकणारी माणसे माझ्या अगदी जवळच्या वर्तुळात आहेत. या न आवडण्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण ‘आवडत नाही’ एवढ्यावर विषय संपवला तर त्यात बँडवरही अन्याय होतो आणि ऐकणाऱ्यावरही.

सोलापुरात रॉक ऐकणाऱ्यांचा गोतावळा पहिल्यापासून लहान. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा एकाच चौकात कानावर पडणाऱ्या या शहरात इंग्रजी गाण्यांना स्वतःचा कोपरा मिळायला वेळ लागला, आणि ज्यांनी तो धरला ते एकमेकांना नावानिशी ओळखत होते. नव्वदच्या दशकात पुण्याला शिकायला गेलेली मुले सुटीत परत येताना कॅसेटी आणत, मग त्या एकाकडून दुसऱ्याकडे फिरत, कोऱ्या कॅसेटींवर भरून घेतल्या जात, आणि आतल्या कागदावर गाण्यांची नावे निळ्या शाईने हाताने उतरवली जात. इतक्या खटाटोपाने हाती आलेला अल्बम आवडला नाही, असे म्हणणे सोपे नव्हते. त्यातून तो पिंक फ्लॉइडचा असेल तर समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास उमटे आणि मग सूचना सुरू होत : हेडफोन लावून ऐक, रात्री दिवा मालवून ऐक, आधी शब्द वाच, मधली गाणी गाळू नकोस, सलग ऐक. या सगळ्या सूचना मी पाळल्या. त्या देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण नीट ऐकले की आवडतेच, तेव्हा ज्याला आवडले नाही त्याच्या ऐकण्यात काहीतरी राहून गेले असणार, असे त्या सर्वांनी मनाशी धरलेले असे.

‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात इंदुमतीचे स्वयंवर आहे. प्रतिहारी, म्हणजे दाराची राखणदार असलेली सुनंदा तिला एकेका राजापुढे नेते आणि त्याचे गुण सांगते. अंगदेशाच्या राजाचे वर्णन ऐकून झाल्यावर इंदुमती त्याच्यावरची नजर काढून घेते आणि ‘चल पुढे’ म्हणते. तिथे कालिदास लिहितो : ‘नासौ न काम्यो न च वेद सम्यग्द्रष्टुं न सा भिन्नरुचिर्हि लोकः’. तो राजा हवासा वाटण्याजोगा नव्हता असे नाही, आणि तिला नीट पाहता येत नव्हते असेही नाही. लोकांच्या आवडी वेगवेगळ्या असतात. या ओळीतले शेवटचे तीन शब्द आपल्याकडे सर्रास वापरले जातात, आणि बहुतेक वेळा वाद मिटवण्यापुरतेच वापरले जातात. मला मात्र त्यांच्या आधीचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. राजात उणे नाही आणि पाहणारीच्या नजरेतही उणे नाही, हे दोन्ही ठरल्यानंतरच कालिदास रुचिभेदाचे नाव घेतो. म्हणजे आधी राजाकडे नीट पाहिले पाहिजे, आणि मग स्वतःच्या नजरेकडेही.

तेव्हा आधी पिंक फ्लॉइड. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा त्यांचा अल्बम मार्च १९७३ मध्ये आला आणि अमेरिकेतील बिलबोर्डच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत १९७३ ते १९८८ या काळात तो ७४१ आठवडे होता. केवळ जाहिरातीच्या जोरावर कोणताही अल्बम पंधरा वर्षे टिकत नाही. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि त्याच ठोक्यांवर संपतो. मधली गाणी एकमेकांत अशी मिसळली आहेत, की बहुतेक ठिकाणी जोड शोधूनही सापडत नाही. ‘मनी’ या गाण्याच्या आरंभी नाण्यांचा खणखणाट, कागद फाटल्याचा आवाज आणि गल्ल्याच्या यंत्राची खटखट ऐकू येते. हे सगळे ध्वनिफितीचे तुकडे मोजून कापून, एकमेकांना चिकटवून, त्यांचे वेटोळे फिरवत ठेवून साधलेले आहे, आणि त्या वेटोळ्याच्या लयीवर बासगिटार सात मात्रांत चालू लागते. रूपक तालाची सवय असलेल्या आपल्या कानांना सात मात्रांचे अप्रूप वाटणार नाही, पण रॉकमध्ये चारची चौकट सहसा कोणी सोडत नाही. सॅक्सोफोन सात मात्रांतच वाजतो. डेव्हिड गिलमूरची गिटार सुरू होते तेव्हा गाणे चारवर येते आणि एकदम मोकळे होऊन धावते. गिलमूर तार ओढून एक स्वर दुसऱ्या स्वरापर्यंत ज्या सावकाशीने नेतो, ती सावकाशी मींड ऐकत वाढलेल्या माणसाला लगेच ओळखू येते. हे सारे मला कळते, आणि त्यामागची बुद्धी पाहून आजही थक्क व्हायला होते. तरीही अल्बमची ४३ मिनिटे संपतात तेव्हा मी जिथे होतो तिथेच असतो.

हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो पूर्व भागातल्या एका मित्राच्या घरी. घराणे पद्मशाली, म्हणजे विणकरांचे, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि खालच्या मजल्यावर यंत्रमाग. चालू मागाशेजारी जो कधी उभा राहिला नाही त्याला तो आवाज सांगणे कठीण आहे. धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो त्याचा एक ठोका, फणी येऊन आपटते त्याचा दुसरा, आणि शेजारी-शेजारी असे चार-सहा माग चालू असले की त्यांचे ठोके कधी एकमेकांत मिळतात, कधी सुटतात, आणि या मिळण्या-सुटण्याला दिवसभर खंड नसतो. वरच्या खोलीच्या फरशीत त्याचा कंप चढलेला असे. तांब्यावर उपडे घातलेले फुलपात्र सतत किणकिणत असे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला हा अल्बम जेमतेम मावला होता. हेडफोन एकच असल्यामुळे आम्ही आळीपाळीने ऐकायचो, आणि त्याची पाळी आली की मी त्याच्याकडे पाहत बसायचो. खाली माग चालू, कांड्या भरणाऱ्या बायकांचे मोठ्याने चाललेले बोलणे, गल्लीतली हाकाटी, आणि तो भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेला. कपाळावरची आठी हळूहळू जायची, जबडा सैल पडायचा, आणि शेवटी शेवटी त्याचा श्वासही लांब होत असलेला दिसायचा. खालच्या मजल्यावरचा एकही ठोका त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

माझे घर उत्तर कसब्यात. घरात मोठ्याने बोलणारे कोणी नव्हते, यंत्र म्हणावे तर शिवणयंत्र तेवढे. आवाज होता तो देवळातल्या भजनाचा. तिथे पेटी असायची, पखवाज असायचा, भिंतीला अडकवलेले टाळ जो येईल तो काढून घ्यायचा. बुवा चरण म्हणून सोडायचे आणि टाळकरी धृपद उचलायचे. माझ्यासारख्या पोरालाही टाळ मिळायचा, आणि ठेका चुकला तर शेजारचे काका नुसते मानेने सावरून घ्यायचे. तिथे निव्वळ ऐकणारा म्हणून कोणाला बसायला वेगळी जागाच नव्हती. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हाही हेच असते. एकाने ‘एकदा भक्तलिंग हर्र’ म्हणायचे आणि रस्ता भरून उभ्या असलेल्या माणसांनी ‘बोला हर्र’ म्हणून ते उचलायचे. गाणाऱ्याने जागा सोडायची आणि ऐकणाऱ्याने ती भरायची, ही गोष्ट मला कोणी शिकवली नाही, ती अंगात मुरली. म्हणून आजही कोणतेही गाणे ऐकताना मी नकळत त्या सोडलेल्या जागेची वाट पाहत असतो. पिंक फ्लॉइड ती जागा सोडत नाहीत. त्यांचे गाणे आधीच पूर्ण भरलेले असते, आतून कडी लावलेले असते.

पुष्कळ वर्षांनी हे सगळे त्या मित्राला समजावून सांगितले, तेव्हा तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, “तुझ्या घरी शांतता होती बे, म्हणून तुला गर्दी पाहिजे. मला दार लावून घ्यायला जागा पाहिजे होती.” रुचिभेदाची याहून नेमकी मीमांसा मी आजवर कोणत्याही समीक्षेत वाचलेली नाही.

हे केवळ आम्हा दोघांच्या घरांपुरते नाही, असे मला १९७७ सालाकडे पाहताना वाटते. त्या वर्षी इंग्लंडच्या दोन मोठ्या बँडपुढे एकच प्रश्न उभा राहिला आणि त्यांनी त्याची अगदी उलट उत्तरे दिली. मे महिन्यात स्टॅफर्डच्या बिंग्ली हॉलमध्ये क्वीनचा कार्यक्रम संपल्यावर श्रोते जायला तयार होईनात. ते आपणहून एकत्र गाऊ लागले. ते ऐकून गिटारवादक ब्रायन मे यांच्या मनात आले, की दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांना काय करता येईल? त्यांना पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल आणि गाता येईल. त्यातून ‘वी विल रॉक यू’ जन्माला आले : दोनदा पाय, एकदा टाळी, आणि जवळजवळ अखेरपर्यंत दुसरे वाद्यच नाही. स्टुडिओतही ढोल न वापरता लाकडी फळ्यांवर पाय आपटून तो आवाज ध्वनिमुद्रित केला गेला. गाण्याचा अर्धाअधिक भाग श्रोत्यांसाठी मोकळा सोडलेला. गाणारा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारला जन्मलेला फरोख बुलसारा, शाळा शिकला तो आपल्या पाचगणीत. पण त्या जवळिकीमुळे मला क्वीन आवडतो असे नाही. तो आवडतो त्या मोकळ्या जागेसाठी.

त्याच वर्षी ६ जुलैला माँट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये पिंक फ्लॉइडचा कार्यक्रम होता. प्रचंड गर्दी, सतत आरडाओरडा, फटाके. बँडचे बासवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्स इतके वैतागले, की पुढे आलेल्या एका चाहत्याच्या अंगावर ते थुंकले. मग त्यांना स्वतःचीच किळस वाटली, आणि आपल्यात व श्रोत्यांत एक भिंत उभी आहे ही जाणीव त्यांना छळू लागली. तिच्यातून १९७९ चा ‘द वॉल’ आला. १९८० आणि १९८१ मधल्या कार्यक्रमांत त्यांनी ही भिंत खरोखरच बांधून दाखवली : गाणी चालू असताना पुठ्ठ्याच्या मोठमोठ्या विटा रचत जायच्या, सुमारे ४० फूट उंचीपर्यंत, इतक्या की बँड दिसेनासा व्हावा. कार्यक्रमाच्या शेवटी ती भिंत कोसळते. मित्र मला नेहमी याची आठवण करून देतो. भिंत हे त्यांचे दुखणे आहे, ध्येय नव्हे, असे तो बजावून सांगतो, आणि त्याचे म्हणणे खरे आहे. ‘द वॉल’इतक्या निर्दयपणे स्वतःच्या व्यवसायाची चिरफाड करणारे काम रॉकमध्ये फार थोडे आहे. पण भिंत पडेपर्यंत दोन तबकड्यांचा काळ जातो, आणि तेवढा काळ मी बाहेर उभा असतो. आत चाललेले दुःख मला ऐकू येते. त्याला माझी गरज असल्याचे मात्र कुठेही जाणवत नाही.

माझ्या आवडीच्या विरुद्ध बाजूलाही जोरकस म्हणणे आहे, आणि ते मी टाळू इच्छित नाही. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाने १९७९ मध्ये क्वीनच्या ‘जॅझ’ या अल्बमची समीक्षा करताना त्या बँडला चक्क फॅसिस्ट म्हटले होते. हजारो माणसे एका तालात पाय आपटू लागली की त्यातल्या एकेकट्या माणसाचे काय होते, ही भीती त्यामागे होती. ‘द वॉल’मध्येही एक रॉक गायक भ्रमात हुकूमशहा होऊन सभा गाजवतो, तेव्हा वॉटर्स यांना ही भीती ठाऊक होती. ती मला पोकळ वाटत नाही. मात्र ज्याने टाळ हातात घेऊन भजन केले आहे त्याला ठाऊक असते, की एका तालात असणे आणि एका हुकुमात असणे या निराळ्या गोष्टी आहेत. भजनात शेजारच्याचा ठेका चुकला तर मानेने सावरून घेतात, त्याला बाहेर काढत नाहीत. समीक्षकाने हे विशेषण फार घाईने वापरले असे माझे मत आहे.

रेडिओहेडशी माझे न जुळणे थोडे निराळ्या जातीचे आहे. १९९७ च्या ‘ओके कॉम्प्युटर’मध्ये गिटारी होत्या, चाली होत्या, आणि गायक थॉम यॉर्क यांचा आवाज आर्त असला तरी माणसाचा होता. तो अल्बम मी पुष्कळ ऐकला आहे. ऑक्टोबर २००० मध्ये ‘किड ए’ आला तेव्हा त्यांनी गिटारी बऱ्याच अंशी बाजूला ठेवल्या, अल्बममधले एकही गाणे सुटे प्रसिद्ध केले नाही, आणि तरीही तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. पुढे २००९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने त्या दशकातला सर्वश्रेष्ठ अल्बम म्हणून त्याची निवड केली. त्यातल्या पहिल्याच गाण्यात यॉर्क यांचा आवाज तुकडे होऊन, उलटसुलट होऊन, कधी डाव्या तर कधी उजव्या बाजूने येतो. कीर्तीच्या दडपणाने थकलेल्या माणसाने स्वतःचाच आवाज यंत्रात घालून पुसट करून टाकावा, यामागची वेदना मला समजते. अडचण एवढीच की अनोळखी संगीतात शिरताना मी धरतो ते बोट आवाजाचेच असते, आणि इथे नेमके तेच सोडवून घेतलेले आहे.

‘किड ए’ आला तेव्हा इंग्रजी कादंबरीकार निक हॉर्नबी यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये त्यावर नाराजीने लिहिले होते. असा अल्बम पचवायला जी सवड आणि चिकाटी लागते ती किशोरवयात असते, नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्या माणसाजवळ ती कुठून यावी, असा त्यांचा सूर होता. पुष्कळांना ते पटले असेल, मला पटले नाही. सोलापुरात दिवसभर दुकान सांभाळून रात्री शास्त्रीय गाण्याच्या बैठकीला तीन-तीन तास मांडी न मोडता बसणारी माणसे मी पाहिली आहेत. सवड नाही म्हणून संगीत आवडत नाही असे होत नाही. जे आवडते त्याच्यासाठी माणूस सवड काढतोच. ‘किड ए’ला मी वेळ दिला आहे, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. वेळ देणे माझ्या हाती होते, गोडी लागणे नव्हते.

माझी अडचण गाणाऱ्या माणसांशी नसून त्यांच्या बसण्याच्या रीतीशी आहे, याचा पुरावा मला २०१५ मध्ये मिळाला. त्या वर्षी रेडिओहेडचेच जॉनी ग्रीनवूड जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात जाऊन राहिले आणि इस्रायली संगीतकार शाय बेन त्सूर व राजस्थानी कलावंतांचा चमू यांच्यासह त्यांनी ‘जुनून’ हा अल्बम केला. ध्वनिमुद्रणाला रेडिओहेडचेच निर्माते नायजेल गॉडरिच होते. कव्वाल, ढोलकवाले, पितळी वाद्ये वाजवणारे, सगळे एका दालनात एकमेकांसमोर बसलेले. एकाने ओळ टाकावी, बाकीच्यांनी ती उचलावी, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये ग्रीनवूड यांची गिटार खाली मान घालून आपले काम करीत राहावी. हा अल्बम मला पहिल्याच ऐकण्यात भिडला. तोच वादक, तेच निर्माते. फक्त मांडणी गोल झाली.

उलट अनुभवही सांगितला पाहिजे, कारण कानाची सवय नेहमी दार बंदच करते असे नाही. व्हेल्वेट अंडरग्राउंड हा न्यूयॉर्कचा बँड रॉकच्या चाहत्यांनाही जड जातो. त्यांचा १९६७ चा पहिला अल्बम त्या काळी फारसा खपला नाही, आणि आमच्या गोतावळ्यातल्या बहुतेकांनी तो दोन गाण्यांतच बंद केला. त्यांना त्रास होत असे तो जॉन केल यांच्या व्हायोलाचा, कारण ते मिनिटेच्या मिनिटे एकच स्वर घासत राहतात. मला तो स्वर ऐकताच बरे वाटले, कारण एक स्वर न हलता मागे उभा असणे हे तंबोऱ्यामुळे माझ्या कानाला जन्मापासून ओळखीचे आहे. पुढे वाचनात आले, की केल हे त्याआधी अमेरिकन संगीतकार ला माँट यंग यांच्या मंडळीत असे अखंड स्वर वाजवत असत, आणि याच यंग यांनी १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्यत्व पत्करले. जे अमेरिकेतल्या श्रोत्याला अवघड, ते मिरजेचा किराणा ऐकत आलेल्या या पट्ट्यातल्या माणसाला सोपे, असे अधूनमधून घडते.

संगीताने मुळीच आनंद न होणारी माणसेही असतात. बार्सिलोनातील संशोधकांनी २०१४ मध्ये अशा व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे ऐकणे ठीक होते, पैसे मिळाले तर त्यांना इतरांसारखाच आनंद होत होता, फक्त संगीत त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. मी बोलतो आहे ते त्यांच्याविषयी नाही. ज्याला संगीताशिवाय चैन पडत नाही अशा माणसाला एखाद्याच श्रेष्ठ बँडपाशी काहीच होत नाही, हे कोडे अधिक चमत्कारिक आहे.

या कोड्यात नावलौकिकाचाही हात असतो. अमेरिकेतील सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अपरिचित बँडची ४८ गाणी १४ हजारांहून अधिक लोकांपुढे ठेवली. काहींना नुसती गाणी दिसत, बाकीच्यांची आठ स्वतंत्र गटांत विभागणी केलेली होती, आणि आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले हे त्यांना दिसत असे. प्रत्येक गटात वेगळीच गाणी डोक्यावर घेतली गेली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट गाणी सहसा वर आली नाहीत, पण मधल्या मोठ्या पट्ट्यात काहीही होऊ शकत होते. श्रेष्ठ अल्बमांच्या याद्या वाचताना मला हा प्रयोग नेहमी आठवतो. लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमला १९६९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने धारेवर धरले होते आणि आज तोच अल्बम त्यांच्या मानाच्या याद्यांत असतो. हे दोन्ही निकाल प्रामाणिक असू शकतात. यादी उपयोगाची असते ती काय ऐकावे हे सांगण्यापुरती. काय आवडावे हे सांगण्याचा अधिकार तिला कोणी दिलेला नाही. तो अधिकार कोणी गाजवू पाहिला की लोक बिथरतात. सप्टेंबर २०१४ मध्ये यू-टू या आयरिश बँडचा नवा अल्बम सुमारे ५० कोटी आयट्यून्स खात्यांत न मागता येऊन पडला, तेव्हा लोक इतके चिडले की त्यांचे गायक बोनो यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्या गाण्यांतले एकही न ऐकता त्या बँडवर कायमचा राग धरलेली माणसे मला ठाऊक आहेत. चांगल्या बँडचे यापेक्षा मोठे नुकसान दुसरे नाही.

मला खरा राग येतो तो ‘ओव्हररेटेड’ या शेऱ्याचा. आपल्याला जे भावले नाही ते इतरांना उगाचच भावते आहे, असा त्याचा अर्थ होतो, आणि तो काढणाऱ्याने त्या इतरांपैकी एकाच्याही चेहऱ्याकडे ते ऐकत असताना पाहिलेले नसते. माझ्या मित्राच्या चेहऱ्यावरून जाणारी ती आठी मी पाहिली आहे. पिंक फ्लॉइडने त्याला दिले ते कोणत्याही यादीने दिलेले नव्हते, आणि ते त्याला उगाच वाटत होते असे म्हणण्याचा मला काहीही हक्क नाही. तितकाच मला नको वाटतो तो दुसरा प्रकार, न आवडणारे आवडते असे दाखवण्याचा. इथल्या हुतात्मा स्मृती मंदिर या सभागृहात गाण्याला सगळ्यांबरोबर माना डोलावणारे आणि बाहेर येताच घड्याळ पाहणारे लोक आपण सर्वांनी पाहिले आहेत. रॉकमध्ये तोच प्रकार काळ्या टी-शर्टावर छापलेल्या, ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या मुखपृष्ठावरच्या त्रिकोणी लोलकाच्या रूपाने दिसतो. अशा माणसांशी वाद होत नाही आणि गप्पाही होत नाहीत. ज्याला एखादा बँड खरोखर आवडतो किंवा ज्याला तो खरोखर आवडत नाही, त्याच्याशी मात्र रात्र जागवावी.

काव्यशास्त्रकार अभिनवगुप्तांनी रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यातले एक आहे आपल्याच सुखदुःखात गुरफटून गेल्यामुळे समोरच्या कलाकृतीपर्यंत न पोचणे. हे विघ्न माझ्या बाबतीत आहे का, हे मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारले आहे. तसे असते तर दिवस बदलले की ऐकणेही बदलले असते, कारण सुखदुःखे बदलत राहतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत माझ्या आयुष्यात बरेच काही बदलले, आणि पिंक फ्लॉइड तेवढा जागच्या जागी आहे : उत्तम, आणि माझा नसलेला.

मित्राने आता मागांचे काम भावाकडे सोपवले आहे आणि तो अक्कलकोट रस्त्याला राहायला गेला आहे. घर मोठे आहे, शांत आहे, हवे तेव्हा दार लावून घेता येते. तरीही त्याला पिंक फ्लॉइडच लागतो, आणि क्वीनची गाणी लावली की त्याला लग्नाच्या मांडवात बसल्यासारखे वाटते. त्याचे हे मत मी ऐकून घेतो. त्यालाही राजात उणे दिसत नाही, त्याची नजरही अधू नाही.

एका जागेवर मात्र आमचे मतैक्य आहे. ‘द डार्क साइड ऑफ द मून’मध्ये एका गाण्यात शब्दच नाहीत, फक्त एका बाईचा आवाज आहे. क्लेअर टॉरी ही गायिका जानेवारी १९७३ मध्ये एका रविवारी या कामासाठी बोलावली गेली. गाण्याला शब्द नाहीत, मृत्यूविषयी काहीतरी गा, असे तिला सांगण्यात आले. ती बँडची नव्हती, त्यांचे संगीत तिला फारसे ठाऊकही नव्हते. वाद्य झाल्यासारखी ती गात सुटली, आणि हे काही ते वापरणार नाहीत अशा समजुतीने ३० पौंड घेऊन घरी गेली. त्या गाण्याच्या रचनेत आपलाही वाटा आहे असे म्हणत ती २००४ मध्ये न्यायालयात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली, आणि तेव्हापासून बँडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांच्या जोडीने तिचे नाव संगीतकार म्हणून लागते. मित्राला त्या आवाजात एकट्या माणसाचे मरण ऐकू येते. मला ऐकू येते ते असे, की या बंद घरात एकदाच कोणीतरी बाहेरून आले आणि त्यांनी तिच्यासाठी जागा सोडली. ती सुरुवातीला फुटून ओरडते, मग आवाज खाली आणते, आणि शेवटी आलाप संपवणाऱ्या गवयासारखी हळूहळू षड्जाकडे येऊन थांबते. तेवढी पावणेपाच मिनिटे आम्ही दोघे एकमेकांकडे न पाहता एकच गाणे ऐकत असतो. मूळ तबकडीची पहिली बाजू तिथे संपते. भरून घेतलेल्या कॅसेटवर मधे बाजू बदलावी लागत नसे, त्यामुळे लगेच नाण्यांचा खणखणाट सुरू होई, आणि तिथून आमचे पुन्हा बिनसे.